‘हाउसफुल्ल’मधला उकार

लहान मुलांना इंग्रजी स्वरांचे उच्चार कसे शिकवावेत, याविषयी गेल्या काही आठवड्यांत बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रे थोडी आटोपती घेऊन येथे छापली आहेत. पत्रलेखकांची नावे या सदरात दिली जात नाहीत.

प्रश्न : मी राजापूर तालुक्यातील एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते चौथीची मिळून चौदा मुले एकाच खोलीत बसतात. जहाज या अर्थाचा ‘शिप’ आणि मेंढी या अर्थाचा ‘शीप’ हे दोन्ही शब्द माझी मुले ‘शीप’ असेच म्हणतात. ‘फिश’चे ‘फीश’ होते आणि ओढणे या अर्थाच्या ‘पुल’चा तर सरळ नदीवरचा पूल होतो. दहा वेळा म्हणवून घेतले तरी अकराव्या वेळी पुन्हा तेच. मला माझ्या स्वतःच्या उच्चारांचीही पुरती खात्री नाही. बाई, मुलांचे कान कमी पडतात की माझे शिकवणे?

उत्तर : यांपैकी काहीच कमी पडत नाही. आडवी येते ती मराठीची एक सवय, आणि ती इतकी अंगवळणी पडलेली आहे की ती सवय आहे हेच आपल्या लक्षात येत नाही. ‘मीठ’ हा शब्द मोठ्याने म्हणा आणि लगेच ‘मिठाला’ म्हणा. पहिल्या शब्दात इकार लांबला आहे, दुसऱ्यात तोच आखडला आहे. वीट आणि विटेला, फूल आणि फुलाला, सूत आणि सुताला, सगळीकडे हीच तऱ्हा दिसेल. शब्द एकाच व्यंजनावर संपत असेल, तर त्याच्या आधीचा इकार किंवा उकार मराठी जीभ लांबवते आणि पुढे आणखी एखादे अक्षर आले की तो आपोआप आखडता घेते. अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार-उकार दीर्घ लिहावा, हा शुद्धलेखनाचा नियम आपण पाठ करतो, पण त्याच्या मुळाशी जिभेचे हे वागणेच आहे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले ‘विष’ आणि ‘गुण’ हे शब्द ऱ्हस्व लिहायचे असतात. बोलताना मात्र आपण बहुतेकजण ‘वीष’ आणि ‘गूण’च म्हणतो आणि म्हणून मुले श्रुतलेखनात तिथे हमखास अडखळतात. जे मूल वहीत ‘वीष’ लिहिते तेच तोंडाने ‘फीश’ म्हणते. कारण दोन्हीकडे एकच आहे.

ही सवय तपासून पाहायची असेल, तर मुलांना आधी ‘फुटबॉल’ म्हणायला सांगा आणि मग ‘एक फूट’ म्हणायला सांगा. फुटबॉलमधला उकार ती बिनचूक ऱ्हस्व म्हणतील, कारण पुढे ‘बॉल’ आहे. पट्टीवरचा फूट मात्र लांबवतील. इंग्रजीत हा शब्द दोन्हीकडे एकच आहे आणि त्याचा स्वरही एकच, ऱ्हस्व. म्हणजे तुमच्या मुलांना तो स्वर येतो. तो शब्दाच्या शेवटच्या व्यंजनाआधी आणून बसवणे एवढेच त्यांना जमत नाही.

तेव्हा उपायही मराठीतूनच काढावा. ‘फिश’ शिकवायच्या आधी ‘फिशिंग’ शिकवा, ‘सिट’च्या आधी ‘सिटिंग’, ‘किक’च्या आधी ‘किकिंग’, ‘पुल’च्या आधी ‘पुलिंग’. या लांब शब्दांत मराठी जीभ स्वतःहून ऱ्हस्व स्वर काढते. मग शेपूट हळूहळू पुसट करत आणावे: फिशिंग, फिशिं, फिश. दुसरी युक्ती आपल्याकडच्या फलक रंगवणाऱ्यांनी केव्हाच शोधून ठेवलेली आहे. नाटकाच्या तिकीटखिडकीवर ते ‘हाउसफुल्ल’ असे लिहितात. त्या जोड ‘ल्ल’ला व्याकरणाचा आधार असो वा नसो, कानाचा पुरता आधार आहे, कारण जोडाक्षर आले की त्याच्या आधीचा उकार लांबत नाही. साधे ‘फुल’ लिहिले असते तर लोकांनी ते फूल वाचले असते. मुलांनाही प्रथम ‘फिश्श’, ‘सिट्ट’, ‘पुल्ल’ असे दणकून म्हणू द्यावे आणि दोन-तीन दिवसांनी शेवटचा दणका हलका करून घ्यावा. मी ही युक्ती अनेक वर्षे वापरली. ती पाहायला आलेल्या एका अधिकाऱ्यांना हे चुकीचे इंग्रजी वाटले होते, पण महिन्याभराने मुले नीट बोलू लागली, एवढे मला पुरेसे होते.

मात्र म्हणवून घेण्याच्या आधी ऐकवले पाहिजे, आणि तुमच्या पत्रात नेमकी हीच पायरी दिसत नाही. जो फरक कानाला कळलेला नाही तो तोंडाने दहा वेळा काय, शंभर वेळा म्हणवून घेतला तरी टिकत नाही. दोन करवंट्या घ्या. एकीवर खुर्चीचे चित्र चिकटवा, ती ‘सीट’; दुसरीवर खाली बसणाऱ्या मुलाचे चित्र, ती ‘सिट’. एसटीतली सीट सर्वांना ठाऊक असते, त्यामुळे हा शब्द मेंढीपेक्षा बरा. आपल्या पावसाळी मुलखातल्या बऱ्याच मुलांनी मेंढी चित्रातच पाहिलेली असते. प्रत्येक मुलाला दहा काजूबिया द्या. तुम्ही तोंडासमोर वही धरून शब्द उच्चारा, म्हणजे ओठ पाहून अंदाज करता येणार नाही, आणि मुलाने योग्य करवंटीत बी टाकावी. या खेळात मुलांनी काही बोलायचे नसते, त्यामुळे चौथीतल्या मुलापुढे पहिलीतले मूल बुजत नाही. दहापैकी आठ-नऊ बिया बरोबर पडू लागल्या की भूमिका बदलावी. मुलाने शब्द म्हणावा आणि बी तुम्ही टाकावी. बी चुकीच्या करवंटीत पडली की आपला उच्चार कुठे गेला हे मुलाला आपोआप कळते, ‘चूक’ हा शब्द तुम्हाला उच्चारावा लागत नाही. रोज सात-आठ मिनिटांपेक्षा जास्त वेळ यात घालवू नये आणि एका आठवड्यात एकच जोडी घ्यावी.

मात्रा, म्हणजे स्वर उच्चारायला लागणारा वेळ, समजावून सांगण्यासाठी आपल्या जुन्या शिक्षाग्रंथांतील, म्हणजे उच्चार शिकवणाऱ्या संस्कृत ग्रंथांतील, एक गमतीदार कोष्टक मुलांना फार आवडते. त्यात एक मात्रा म्हणजे चाष पक्ष्याचे, आपल्या नीलपंखाचे, ओरडणे. दोन मात्रा म्हणजे कावळ्याचे, तीन म्हणजे मोराचे आणि अर्धी म्हणजे मुंगसाचे. कावळा आणि मोर तर शाळेच्या आवारातच ऐकवता येतात. फक्त एक सावधगिरी ठेवावी. इंग्रजीतले ‘सिट’ आणि ‘सीट’ केवळ मात्रेने वेगळे होत नाहीत. ‘सीट’ म्हणताना ओठ ताणलेले आणि जीभ वर चढलेली असते. ‘सिट’ म्हणताना ओठ सैल असतात आणि जीभ किंचित खाली, ‘ए’च्या दिशेला उतरलेली असते. मुलांना ‘ताठ ई’ आणि ‘आळशी इ’ असे सांगितले तर ती बरोबर करतात.

राहिला प्रश्न तुमच्या उच्चारांचा. हा खेळ एखाद्या मैत्रिणीबरोबर करून पाहा. तिच्या बिया योग्य करवंटीत पडल्या, तर तुमचा उच्चार या कामाला पुरेसा आहे.

प्रश्न : माझी नात चिपळूणच्या एका शाळेत बालवर्गात आहे. सुट्टीत गुहागरला आली तेव्हा ती ‘ए, बी, सी’ म्हणण्याऐवजी ‘ॲ, ब, क’ असे म्हणत होती. आम्ही पाचवीत ‘सी-ए-टी कॅट’ असे घोकून इंग्रजी शिकलो आणि आमचे काही अडले नाही. अक्षरांची नावेच मुलांना न शिकवण्याची ही कोणती नवी रीत?

उत्तर : आजोबा, आपले अडले नाही हे खरे, पण आपण अकरा वर्षांचे असताना सुरुवात केली होती आणि तोवर मराठी वाचन पक्के झाले होते. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे आणि बालवर्गातले मूल तर अजून ‘वाचणे म्हणजे काय’ हेच शिकत असते. देवनागरीत अक्षराचे नाव आणि त्याचा उच्चार यांत भेद नाही. ‘म’चे नावही म आणि आवाजही म. इंग्रजीत ‘सी-ए-टी’ ही तीन नावे भरभर म्हटली तर ‘सीएटी’ होईल, ‘कॅट’ कधीच होणार नाही. ‘क, ॲ, ट’ हे आवाज भरभर म्हटले की ‘कॅट’ होतो, आणि नात नेमके तेच शिकते आहे. नावे तिला थोड्याच दिवसांत कळतील. ती तिने पुढे शिकावीतच, पण वाचायला लागण्यासाठी ती नावे उपयोगाची नाहीत.

स्वरांच्या बाबतीत तर नावे अधिकच फसवी आहेत. इंग्रजीत स्वरांची अक्षरे पाच आणि ब्रिटिश प्रमाण उच्चारांत स्वर सुमारे वीस, म्हणजे एकेका अक्षराच्या वाट्याला अनेक आवाज येणार हे उघड आहे. पहिलेच अक्षर घ्या: ‘कॅट’मध्ये ते ॲ आहे, ‘केक’मध्ये ए, ‘कार’मध्ये आ, ‘बॉल’मध्ये ऑ आणि ‘अबाउट’च्या आरंभी चक्क अ. हा घोळ कोणी मुद्दाम घातलेला नाही. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडात छापखाना आणला आणि त्यानंतर शब्दांची लिखित रूपे हळूहळू स्थिरावत गेली. पण नेमक्या त्याच शतकांत, साधारण १४०० ते १७०० या काळात, इंग्रजांचे दीर्घ स्वर बोलण्यात एकामागून एक सरकत होते. छापलेली रूपे जुन्या उच्चारांपाशी थांबली आणि जिभा पुढे निघून गेल्या. आपल्याला गंमत वाटेल असे एक उदाहरण देते. आज आपण ‘नेम’ म्हणतो तो नाव या अर्थाचा इंग्रजी शब्द त्या काळाआधी जवळजवळ ‘नाम’ असा उच्चारला जाई आणि त्याच्या शेवटचे ‘ई’ हे अक्षरही तेव्हा मुके नव्हते. आपल्या ‘नाम’शी त्याचे फार जुने नाते आहे. उच्चार बदलला, लेखन तसेच राहिले, म्हणून आज त्याच्या मध्यभागी ‘ए’ लिहायचा आणि शेवटी एक मुके अक्षर बाळगायचे.

त्या मुक्या ‘ई’चा मात्र आता एक उपयोग आहे. तो शेवटी येऊन बसला की आधीचा स्वर सहसा आपले नाव सांगू लागतो: ‘कॅप’चे ‘केप’ होते, ‘किट’चे ‘काइट’. नातीला हे पहिलीच्या शेवटी-शेवटी दाखवावे, आधी नको. तोवर पाच अक्षरांचे पाच आखूड आवाज आणि त्यांना बांधलेले पाच ओळखीचे शब्द पुरेत. बॅट, पेन, किट, हॉट आणि कप हे शब्द घरात रोज ऐकू येतात.

प्रश्न : अलिबागला मी लहान मुलांची शिकवणी घेतो. इंग्रजी शब्दाखाली त्याचा उच्चार देवनागरीत लिहून दिला की मुले पटकन वाचतात. काही पालकांना हे आवडत नाही. आपले मत काय?

उत्तर : मुले पटकन वाचतात हे खरे, पण काय वाचतात ते पाहा. मी ‘गेट’ असे लिहिले तर तो मिळवणे या अर्थाचा शब्द की फाटक या अर्थाचा? ‘टेस्ट’ लिहिले तर परीक्षा की चव? ‘वेट’चे तर तीन अर्थ निघतात: ओला, थांबणे आणि वजन. यांतील थांबणे आणि वजन हे शब्द इंग्रजीत खरोखरच एकसारखे उच्चारले जातात. ओला मात्र वेगळा आहे. देवनागरीत तिघेही एकाच पंगतीला येऊन बसतात आणि मूल तिघांनाही मराठी ‘ए’ने वाचते. आपली लिपी तिच्या भाषेसाठी उत्तम आहे, पण तिच्यात ऱ्हस्व ‘ए’ला वेगळी खूण नाही. इंग्रजीच्या दोन स्वरांसाठी तिने जागा केली आहे. पूर्वी ‘ब्याट’ आणि ‘ब्यांक’ लिहिले जाई, पुढे ॲ आणि ऑ ही चिन्हे रुळली आणि राज्य शासनाने २००९ साली वर्णमाला निश्चित करताना ती स्वरांत घेतली. बाकीच्या फरकांना देवनागरीत अशी जागा नाही.

म्हणून माझा कौल पालकांच्या बाजूने आहे. एखादा अवघड शब्द स्वतःच्या आठवणीसाठी कोणी लिहून ठेवला तर हरकत नाही, पण मुलाचा डोळा एकदा खालच्या ओळीला लागला की वरची ओळ तो पाहतच नाही.

‘गेट’ची जोडी शिकवण्यासाठी हात हनुवटीखाली धरायला सांगा. मुलांनी सावकाश ‘बीट, बिट, बेट, बॅट’ म्हणावे. बीट म्हणजे कोशिंबिरीचे, बेट म्हणजे पैज. समुद्रातले बेट येथे चालणार नाही, कारण त्यातला ‘ए’ मराठी आहे, लांब आणि मिटका. विहिरीच्या पायऱ्या उतरावे तशी हनुवटी प्रत्येक शब्दाला थोडी खाली गेली पाहिजे. तिसऱ्या पायरीवर जो आवाज निघेल तो मिळवण्याच्या ‘गेट’चा. फाटकाच्या ‘गेट’मध्ये इंग्रज माणूस ‘ए’पासून निघून ‘इ’कडे सरकतो, पण आपल्या मुलांनी तेथे साधा मराठी दीर्घ ‘ए’ ठेवला तरी ऐकणाऱ्याला शब्द कळतो. दोन ‘गेट’ एकमेकांपासून वेगळे पडणे महत्त्वाचे आहे.

प्रश्न : आम्ही वेंगुर्ल्याजवळ राहतो आणि घरात मालवणी बोलतो. मुलाच्या शाळेतून निरोप आला की घरी मालवणी बोलणे बंद करा, त्यामुळे त्याचे इंग्रजी उच्चार बिघडतात. सासूबाईंना हे ऐकून फार वाईट वाटले. काय करावे?

उत्तर : मालवणी बोलणे चालू ठेवावे आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांगावा. ज्या कोणी हा निरोप पाठवला त्यांनी स्वरांचा विचार केलेला दिसत नाही. तुमच्या शेजारच्या कोकणी भाषेत ‘ए’ आणि ‘ओ’ यांचे मिटके आणि उघडे असे दोन-दोन उच्चार आहेत आणि त्यांच्यामुळे शब्दाचा अर्थही बदलतो, जरी देवनागरीत दोन्ही एकाच खुणेने लिहिले जात असले तरी. गोव्याच्या सीमेलगतच्या गावांत हे उच्चार मुलांच्या कानांवरून जात असतात. वर ज्या दोन ‘गेट’विषयी लिहिले आहे, त्यांतला फरक अशा मुलाला माझ्यासारख्या रत्नागिरीच्या बाईपेक्षा लवकर ऐकू येण्याचा संभव आहे. शाळेने या कानाचा उपयोग करून घ्यायचा सोडून तो बंद करायला सांगावे, हे मला समजत नाही.

आणि समजा घरी मालवणी बंद केली, तर तिच्या जागी काय येणार? आजीला जे इंग्रजी येत नाही ते ती बोलणार नाही. ती गप्प बसेल. आजीच्या गोष्टींतून, तिच्या ‘खंय गेल्लंस?’पासून मुलाचा कान घडत असतो.

प्रश्न : दापोलीजवळच्या शाळेत मी नव्यानेच रुजू झालो आहे. मोबाइलवर स्वरांच्या अनेक चित्रफिती मिळतात, पण काही ब्रिटिश आहेत, काही अमेरिकी. एकीत ‘क्लास’, दुसरीत ‘क्लॅस’. एकीत ‘हॉट’, दुसरीत जवळजवळ ‘हाट’. मुलांना कोणते शिकवावे?

उत्तर : कोणतेही एक घ्या आणि वर्षभर तेच ठेवा. आपल्या कानाला ब्रिटिश वळणाचे ‘क्लास’ आणि ‘हॉट’ सरावाचे आहेत, त्यामुळे ते सोपे जाईल. ‘र’ मात्र ब्रिटिशांसारखा गाळायला शिकवू नये. ‘कार’मधला र आपली मुले स्पष्ट म्हणतात, अमेरिकी लोकही म्हणतात, आणि तो वाचताना मुलांच्या उपयोगी पडतो.

दोन्ही वळणांत सारखा असलेला आणि आपल्याकडे कोणीच न शिकवणारा एक स्वर मात्र अवश्य घ्या. तो म्हणजे इंग्रजीत सर्वांत जास्त वेळा येणारा दुबळा ‘अ’. ‘बनाना’ हा शब्द आपण तीनही अक्षरांवर सारखा भार देऊन म्हणतो आणि शेवटी ठसठशीत ‘आ’ करतो. इंग्रजीत भार फक्त मधल्या ‘ना’वर असतो; पहिला आणि शेवटचा स्वर हे दोन्ही अगदी पुसट ‘अ’. पहिला आपल्याला जमतो. शेवटचा जमत नाही, कारण मराठीत शब्दाच्या शेवटी लिहिलेला ‘अ’ आपण बहुधा गिळूनच टाकतो, ‘फणस’ किंवा ‘कोकम’ म्हणून पाहा. त्या जागी ‘अ’ उच्चारायची वेळच येत नाही, म्हणून तेथे जिभेला एक तर काहीच नको असते किंवा पुरा ‘आ’ हवा असतो. ‘सोफा’चे आणि ‘कॅमेरा’चेही तसेच. मुलांना ‘बनाना’ म्हणताना मधल्या अक्षरावर उभे राहायला आणि बाकीच्या दोन अक्षरांवर खाली बसायला सांगा. बसताना आवाज आपोआप दबतो.

चित्रफीत वापरताना ती एकदा डोळे मिटून ऐकवावी, दुसऱ्यांदा आवाज बंद करून फक्त ओठ पाहायला लावावेत आणि तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र द्यावे. बोलायला त्यानंतरच सांगावे.